गंजमीमांसा: पिकअपच्या पत्र्याचे क्षारविचारासह विवेचन

गंज या विषयावर आजवर जे काही लिहिले गेले ते बहुतेक थंड देशांत लिहिले गेले, ही या शास्त्राची मूळ अडचण आहे. तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ साचतो, बर्फावर मीठ टाकतात, मिठाने बर्फ वितळतो आणि ते खारे पाणी चाकांनी उडून गाडीच्या पोटाला लागते. साधे पाणी शून्य अंशाला गोठते. त्यात वजनाने २३ टक्क्यांच्या आसपास मीठ विरघळले असेल तर ते उणे २१ अंशांपर्यंत तग धरते. एवढ्या एका गुणासाठी मिशिगनपासून ओंटारिओपर्यंतचे रस्ते दर हिवाळ्यात खारवून निघतात. डेट्रॉइट शहराच्या तर खालीच मिठाची खाण आहे आणि वर गाड्यांचे कारखाने. रोग आणि रोगी एकाच पत्त्यावर राहतात. शेजारच्या डिअरबॉर्नमध्ये तयार होणाऱ्या एफ-१५० या पिकअपची बॉडी २०१५ च्या मॉडेलपासून ॲल्युमिनियमची झाली. सांगितलेले कारण वजन कमी करणे हे होते, पण लोखंड गंजते म्हणून लोखंडच काढून टाकावे, हा विचार तर्कदृष्ट्या निर्दोष आहे. चेसिस मात्र अजून पोलादाचीच आहे, त्यामुळे शास्त्राला काम उरले आहे.

अशा देशांत स्थायिक झालेला भाचा संभाजीनगरच्या गारखेड्यातल्या मामाला फोनवर काळजीने सांगतो, "मामा, थंडी पडायच्या आत गाडीला खालून ऑइल मारून घ्या. मीठ चेसिस खातं." मामा म्हणतो, "अरे बाळा, आमच्याकडं थंडीत हुरडा खातात. मीठ त्यालाच लावतात." हा संवाद वरवर विनोदी वाटतो, पण त्यात एक गंभीर शास्त्रीय प्रश्न दडलेला आहे. संभाजीनगरात बर्फ नाही, डिसेंबर-जानेवारीत पारा रात्री बहुधा दहा-बारा अंशांच्या आसपास उतरतो, समुद्र सरळ रेषेत मोजला तरी अडीचशे किलोमीटरहून लांब आहे. मग मामाच्या पिकअपच्या हौद्याला भोके का पडतात?

प्रस्तुत प्रबंध या भोकांविषयी आहे.

अध्याय दुसरा: संभाजीनगरच्या रस्त्यांवरील हिवाळी मिठाचा इतिहास

संभाजीनगरच्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकत नाहीत. खडी पडायची मारामार, तिथे मीठ कुठले! हा अध्याय येथे संपला.

पूर्वपक्ष

मीठ नाही तर गंज नाही, असे मानणारा एक पंथ शहरात आहे. सोयीसाठी त्याला कोरडवाहू संप्रदाय म्हणू. या पंथाचे म्हणणे असे, की मराठवाड्याची हवा मुळात इतकी कोरडी की तिथे माणूस गंजत नाही, तर लोखंड काय गंजणार. पुरावा म्हणून ते दौलताबादला घेऊन जातात. किल्ल्याच्या दरवाजांना हत्तीने धडक देऊ नये म्हणून ठोकलेले लोखंडी खिळे दाखवतात. खिळे आहेत, शाबूत आहेत. त्यांच्यावरचा गंज पातळ, काळसर तपकिरी आणि चिकटून बसलेला. अंगठ्याने घासला तर अंगठा रंगतो, खिळा झिजत नाही. ज्या खिळ्यांनी खऱ्या हत्तींना थोपवले ते टिकले, आणि बाहेरच्या रस्त्याने जाणारा छोटा हत्ती मात्र दर पावसाळ्यात थोडा थोडा कमी होतो, ही विसंगती कोरडवाहूंना अडचणीची वाटत नाही. त्यांच्या मते हल्लीचा पत्राच हलका.

याच पंथातले अतिउत्साही लोक पुढे मेंढा तोफेची साक्ष काढतात. तोफ त्याच किल्ल्यावर आहे, मागच्या टोकाला मेंढ्याचे मुंडके आहे, आणि तिला गंजाचा डागही नाही. ही साक्ष बाद करावी लागते, कारण तोफ मिश्रधातूची आहे. जो गुन्हा करण्याची मुळात ताकदच नाही तो केला नाही म्हणून कोणाला चारित्र्याचा दाखला देता येत नाही.

मेहरौलीच्या लोहस्तंभाचा दाखला मात्र एवढ्या सहज झटकता येत नाही. सात मीटरांहून उंच, सहा टनांहून जड, सुमारे १६०० वर्षे उघड्यावर उभा, आणि कोणी अंडरकोटिंग केल्याची नोंद नाही. आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमणियम यांनी या स्तंभाचा कित्येक वर्षे अभ्यास केला. त्यांच्या निष्कर्षाचा गाभा असा, की त्या जुन्या लोखंडात फॉस्फरस भरपूर आहे आणि त्यामुळे पृष्ठभागावर एक घट्ट संरक्षक थर बसला आहे. म्हणजे स्तंभ गंजला नाही असे नव्हे. तो एकदाच नीट गंजला आणि थांबला. आजच्या पोलादात फारसा फॉस्फरस ठेवत नाहीत, कारण त्याने पोलाद ठिसूळ होते, आणि वाकवून मडगार्ड करायचा पत्रा ठिसूळ असून चालत नाही. शिवाय त्या स्तंभावरून आजवर कोणी पोटॅश वाहिलेले नाही. आता इथून खरा विषय सुरू होतो.

उत्तरपक्ष, अर्थात मीठ सापडले

लोखंडाला गंजायला पाणी आणि प्राणवायू पुरतात. मीठ लागतेच असे नाही. पण मीठ आले की कामाला वेग येतो. पाण्याचा थेंब क्षारामुळे विजेचा चांगला वाहक होतो आणि एकाच पत्र्यावर शेजारी शेजारी छोट्या बॅटऱ्या चालू होतात. त्यातला क्लोराइड हा भाग तर फार चिवट. संरक्षक थर फोडतो, लोखंडाला पत्र्यातून बाहेर काढतो, त्याची गंजात रवानगी करतो आणि स्वतः बराचसा मोकळा होऊन पुढच्या लोखंडाकडे वळतो. त्याला पगार नाही, रजा नाही. खायचे मीठ हवेतला ओलावा साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेला की आपोआप पाझरू लागते. श्रावणात बरणीत काय होते ते प्रत्येक घरात ठाऊक आहे. तेव्हा पाऊस थांबला म्हणून पत्रा सुकला असे समजण्यात अर्थ नाही.

मराठवाड्यात हा क्लोराइड येतो पन्नास किलोच्या गोणीतून. गोणीवर म्युरेट ऑफ पोटॅश असे लिहिलेले असते आणि आत असते पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे जेवणातल्या मिठाचे चुलत भावंड. मोसंबीला, उसाला, अद्रकाला, कपाशीला ते लागते. युरियाची गोणी ४५ किलोची झाली, पोटॅशची पन्नासाचीच राहिली. मोंढ्यातल्या खताच्या दुकानापासून फुलंब्री, कन्नड, पैठणकडच्या शेतापर्यंत ही गोणी पिकअपच्या हौद्यात झोपून जाते. गोणी कुठे ना कुठे हुकाने फाटलेली असतेच. दाणे सांडतात, हौद्याच्या चेकर पत्र्याच्या नक्षीत बसतात, कोपऱ्यात साचतात.

इथे अभ्यासकाने वाकून बघावे असे एक दृश्य आहे. पोटॅशचे दाणे बहुधा विटकरी लाल असतात. हा रंग त्यांना येतो तोच मुळी त्यांच्यात अडकलेल्या लोहाच्या ऑक्साइडच्या अंशामुळे. म्हणजे गंज गंजाच्याच कपड्यात येतो. कोपऱ्यात लाल भुकटी दिसते. ती सांडलेले खत आहे की झडलेला हौदा, हे मालकाला कळत नाही आणि ड्रायव्हर सांगत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते यावर एकच खात्रीची कसोटी आहे: झाडून शेतात टाकावे. पीक तरारले तर खत.

भारतात पोटॅशच्या खाणी नसल्यातच जमा, त्यामुळे हे खत बाहेरून येते, आणि मोठ्या पुरवठादारांत कॅनडा आहे. तिथल्या सॅस्कॅचेवान प्रांतात जमिनीखाली खोलवर एका आटलेल्या समुद्राचे क्षार पडून आहेत. तो समुद्र आटला त्याला तीसेक कोटी वर्षे तरी उलटली; आपण ज्या काळ्या पाषाणावर उभे आहोत, ज्यात वेरूळ कोरले, तो त्या मानाने साडेसहा कोटी वर्षांचा पोर. तेव्हा भाच्याने केलेली काळजी अगदीच अनाठायी नव्हती. तिकडचे मीठ तिकडच्या गाड्या खाऊन उरते ते जहाजात बसून इकडे येते. फक्त इकडे ते रस्त्यावरून खालून लागत नाही, हौद्यातून वरून लागते. त्यामुळे चेसिसला ऑइल मारण्याचा सल्ला दिशेने चुकला, एवढेच.

गौण क्षारांचा विचार थोडक्यात उरकतो. खडेमीठ आठवडी बाजारात येते. सुके बोंबील आणि खारवलेले मासे येतात, आणि त्यांच्या गाडीला गंजापेक्षा मांजरांचा उपद्रव अधिक. समुद्राचे ताजे मासे बर्फात येतात; समृद्धी महामार्ग २०२५ च्या जूनमध्ये पुरा झाल्यापासून ते आणखी ताजे येतात, आणि बर्फाचे खारट पाणी वाटभर ठिबकत येते ते वेगळे. बकरी ईदच्या आधी बोकड येतात, ते प्रवासात जे करतात त्यातही क्षार असतो. दसऱ्याला नारळ फुटतो, पाणी बंपरवर, झेंडूचा हार दिवाळीपर्यंत तिथेच ओला. लिंबू चाकाखाली चिरडले जाते. लिंबातले आम्ल गंज काढायला वापरतात हे खरे असले तरी चाकाच्या रबराला गंज येत नाही, त्यामुळे तो उपाय वाया जातो.

गोत्रविचार

काही पिकअप इथे गंजत नाहीत, गंजून येतात. जुन्या गाड्यांच्या बाजारात नंबरप्लेटीवरून कूळ ओळखण्याचे शास्त्र फार प्रगत आहे. एमएच-२० म्हणजे घरचे स्थळ. एमएच-०६ पेणचे, एमएच-०८ रत्नागिरीचे, एमएच-०७ सिंधुदुर्गाचे. ही प्लेट दिसली की गिऱ्हाईक सरळ गाडीखाली झोपते. कोकणातली खारी हवा पत्र्याच्या दुमडीत शिरते आणि तिथेच राहते. गाडी घाट चढून कोरड्या मुलखात आली, कागदावर पत्ता बदलला, तरी आत बसलेला क्षार बदलीवर जात नाही. पुढच्या पावसाळ्यात जिथला तिथे उगवतो. विकणारा म्हणतो, "गाडी डॉक्टरची होती." पिकअप आणि डॉक्टर यांचा संबंध काय, हे विचारायचे नसते.

स्थाननिर्णय

गंज कुठे सुरू होतो, हा या शास्त्रातला मध्यवर्ती प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर मालकवर्गाला न रुचणारे आहे. मालक जिथे बघतो तिथे तो सुरू होत नाही. बॉनेटवर रोज फडके फिरते, काचेवर देवाचे स्टिकर, आरशाला गोंडे, पुढच्या बंपरला काळी बाहुली. बॉनेट म्हणजे साऱ्या गाडीत गंजायला सगळ्यात नालायक जागा: उतरती, उघडी, इंजिनाच्या उष्णतेने कायम सुकी. संरक्षणाचा सारा खर्च तिथे होतो.

खरी जागा म्हणजे दाराच्या तळाशी, पायदानाखालच्या पोकळीत आणि हौद्याच्या कोपऱ्यात असलेली बोटाच्या पेराएवढी भोके. ती कारखान्यातच ठेवलेली असतात, आत गेलेले पाणी बाहेर पडावे म्हणून. लासूर स्टेशनच्या बाजारातून कांदा भरून दोन फेऱ्या झाल्या की त्यात टरफल अडकते. टरफलावर अद्रकाची माती बसते. मातीवर पोटॅश. एवढा बंदोबस्त झाला की दाराच्या पोटात पाणी महिनोन्महिने सुखाने राहते. गाडी आतून कुजते आणि बाहेर वर्षभर काही दिसत नाही. मग एके दिवशी दाराच्या खालच्या कडेला रंगाखाली मटकीच्या दाण्याएवढा फोड येतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा लागते, त्यामुळे तो रंगाला आतून ढकलतो. मालक नखाने तो फोड फोडतो. नख आत जाते.

या सगळ्यावर तारेचा एक तुकडा हा उपाय आहे. तार भोकात घालायची, फिरवायची, काढायची. खर्च शून्य. म्हणूनच तो कोणी करत नाही.

गाडी धुण्याचाही उपयोग होतो, पण शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येणार आणि ते माणसांना पुरवायचे असते, तेव्हा गाडीच्या वाट्याला बोअरचे येते. त्याने खताचे क्षार जातात आणि बोअरचे येतात. तरीही धुवावे, कारण बोअरचा पांढरा क्षार बहुतांशी चुन्याच्या जातीचा असतो आणि पोटॅशपुढे तो सज्जन आहे. फक्त धुऊन झाल्यावर गाडी उतारावर नाक वर करून उभी करावी.

फाळकालेख

मागच्या फाळक्याविषयी स्वतंत्र प्रबंध व्हायला हवा. इथे एकच निरीक्षण नोंदवतो. फाळक्यावर आधी कारखान्याचा रंग असतो, त्यावर पेंटर ऑइलपेंटने अक्षरे काढतो, आणि चांगला पेंटर अक्षरांना दोन हात देतो, वर सावलीची तिसरी रेघ. आठ-दहा वर्षांनी अशा फाळक्याकडे तिरप्या उन्हात बघा. मोकळ्या जागेवरचा रंग उडालेला, पत्रा तांबूस आणि खरबरीत झालेला, आणि त्यात "आई-वडिलांची पुण्याई" ही अक्षरे गुळगुळीत, किंचित उचललेली, शाबूत. बोट फिरवले तर आंधळ्यालाही वाचता येईल. पुण्याईने पत्रा वाचला, हे विधान येथे भौतिकशास्त्रानुसार अक्षरशः खरे आहे. "हॉर्न ओके प्लीज" लिहायला महाराष्ट्रात २०१५ साली बंदी आली, तेव्हापासून फाळक्याचा मधला पट्टा उघडा पडला, आणि त्याचा गंजावर काय परिणाम झाला हे तपासायला कोणी समिती नेमल्याचे आमच्या पाहण्यात नाही. आमची शिफारस अशी, की मजकूर लांब असावा. शक्य असल्यास भाच्यांची सगळी नावे घालावीत.

चिकित्सा

जळके ऑइल हा गॅरेजवाल्यांचा परंपरागत उपाय. डबा, जुना ब्रश, गाडीखाली पोरगा. कॅनडात हिवाळ्याआधी पैसे मोजून गाडीच्या पोटात तेलाचा फवारा मारतात आणि मग ती गाडी चार दिवस अंगणात ठिबकत राहते. तत्त्व तेच, फक्त तिकडे तेल स्वच्छ असते. आपल्या जळक्या ऑइलमध्ये इंजिनातले आम्ल आणि धातूचा चुरा असतो, ते रबरी बुश फुगवते, आणि वर मराठवाड्याची धूळ बसून त्याची वडी थापली जाते. शिवाय वापरलेले तेल घातक कचऱ्याच्या नियमांत येते, जमिनीत जिरवायचे नसते. पण हे पोराला सांगितले तर तो म्हणतो, "काका, पाटे बघा, चकाचक." पाटे खरोखर चकाचक असतात.

जस्ताचा उपाय अधिक उदात्त आहे. लोखंडावर जस्ताचा थर दिला की जस्त आधी झिजते, लोखंड मागे राहते. हम्फ्री डेव्हीने १८२४ मध्ये हेच तत्त्व जहाजांच्या तांब्याच्या तळावर वापरून पाहिले. तांबे झिजायचे थांबले. पण झिजणारे तांबे पाण्यात सुटत होते म्हणून तळाला शिंपले चिकटत नव्हते. झीज थांबली तसे शिंपले वस्तीला आले आणि जहाजांचा वेग मंदावला. दुखणे गेले की त्याच्या आधाराने चाललेली एखादी सोयही जाते. पिकअपला गंज नसता तर डेंटिंग-पेंटिंगवाल्यांच्या किती मुलांची शिक्षणे अडली असती, हा हिशेब कोणी करावा. आपल्याकडे जस्ताचा एक उपयोग बिदरीच्या फुलदाण्यांत होतो. बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर लावून त्या काळ्या करतात, म्हणजे क्षार इथे मुद्दाम लावतात आणि त्याचे पैसे घेतात.

सर्वांत प्रभावी उपाय सरकारी आहे. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस लागतो, ज्याला लोक पासिंग म्हणतात. पासिंगच्या आदल्या आठवड्यात गंज नावाचा पदार्थ पृथ्वीतलावरून नाहीसा होतो. भोकावर जाळी, जाळीवर लांबी, लांबीवर पॉलिशपेपर, त्यावर रेडऑक्साइड, त्यावर रंग, आणि रंग ओला असतानाच रेडियमची पट्टी. गाडी रांगेत उभी राहते तेव्हा कारखान्यातून निघाली त्याहून नवी दिसते. लांबी मात्र ओलावा शोषते, त्यामुळे आतला गंज निवांत होतो, आणि पुढच्या वर्षी भोकाचा आकार तळहाताएवढा निघतो.

लांबी ओळखायला गिऱ्हाईक लोहचुंबक फडक्यात गुंडाळून आणते. पत्र्यावर चुंबक टक् करून बसते, लांबीवर घसरून खाली पडते. चुंबक नसेल तर बोटाच्या पेराने वाजवतात: पत्रा टणटणतो, लांबी ढप् वाजते. जाणती मंडळी यातले काहीच करत नाहीत. ती हौद्यात चढतात आणि मधोमध उभी राहून दोन्ही पायांनी उडी मारतात.

"अहो दादा, हळू. पत्रा ओरिजिनल आहे."

"तेच बघतोय. ओरिजिनल कुठपर्यंत आहे?"

"मडगार्डपर्यंत."

"कोणत्या बाजूच्या?"

यापुढची चर्चा किमतीची असल्याने ती या ग्रंथाच्या कक्षेत येत नाही.